तिला कुणी विचारलं का?

मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, सोनगीरच्या घरात आम्ही ‘कथा’ पाहत होतो. भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. एरवी आमच्या गल्लीत दुपारी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, कारण समोरच्या दोन घरांत तांब्याचे हंडे ठोकायचं काम चालतं. सणापुरते हातोडे बंद होते, म्हणून संवाद ऐकू तरी येत होते. पलंगावर उशीला टेकून फुई बसली होती. फुई म्हणजे आत्या. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी हे एकदाच सांगून ठेवते. तिचं वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, कान मात्र तिखट. चित्रपटभर तिने दोन-तीनदाच तोंड उघडलं. शेवटी एकदाचं लग्नाचं जमलं, आम्ही सगळे सैलावलो, वहिनी चहाचं आधण ठेवायला उठली, आणि फुई म्हणाली, “तिले कोनी इचारं का?”

तिला कुणी विचारलं का. कुणीच उत्तर दिलं नाही. भाऊ हसला, भाचा मोबाइलची वायर गुंडाळायला लागला. मी मात्र अडकले. हा चित्रपट मी तोवर दहा-बारा वेळा तरी पाहिला होता. त्यातले प्रसंग मी वर्गात उदाहरणादाखल सांगितले आहेत, नवऱ्याशी त्यावरून वाद घातला आहे, एकदा तर एका लग्नात नवरदेवाकडे पाहून “हा बाशू की राजाराम?” असं कुजबुजल्याबद्दल आईची बोलणीही खाल्ली आहेत. आणि इतक्या वर्षांत फुईचा प्रश्न मला पडला नव्हता. बाई असून पडला नव्हता, याची थोडी लाजही वाटली.

पुढची टिपणं त्या प्रश्नामुळे लिहिली गेली. ती वाचण्याआधी हा चित्रपट कोणता, तो कुठून आला आणि सोनगीरसारख्या गावात बसून तो पुन्हापुन्हा का पाहावासा वाटतो, एवढं सांगण्यापुरती ही प्रस्तावना आहे. ती लांबली आहे, हे मला कळतं.

‘कथा’ १९८३चा. भाषा हिंदी, पण घराणं मराठी. दिग्दर्शन सई परांजपे यांचं, आणि मूळ नाटक शं. गो. साठे यांचं ‘ससा आणि कासव’. गोष्ट मुंबईतल्या चाळीत घडते. राजाराम हा साधा, सरळ कारकून. नसीरुद्दीन शाहने केला आहे. शेजारच्या संध्या सबनीसवर त्याचं प्रेम आहे, आणि ते तिला सांगायची त्याची छाती होत नाही. संध्या म्हणजे दीप्ती नवल. अशात राजारामचा जुना मित्र बाशू येऊन त्याच्या खोलीत मुक्काम ठोकतो. हा फारूख शेख. बाशू थापा मारतो, गोड बोलतो, राजारामच्या जिवावर राहतो आणि बघता बघता सगळ्या चाळीचा लाडका होतो. थापांच्याच बळावर तो बुटांच्या एका कंपनीत नोकरी मिळवतो आणि तिथे मालकाची बायको आणि मालकाची मुलगी, दोघींशी एकाच वेळी सूत जुळवतो. इकडे चाळीत संध्याही त्याच्या प्रेमात पडते, तिच्या घरचे लग्न ठरवतात. पुढे बिंग फुटतं, बाशू ऐन वेळी पळून जातो, आणि मोडलेल्या मांडवात राजाराम उभा राहतो. कासव शर्यत जिंकतं.

एवढ्यात सगळं सांगून टाकलं म्हणून कुणी रागावू नये. हे पुस्तकच पुन्हा पाहणाऱ्यांसाठी आहे. शेवट माहीत नसणाऱ्याने आधी चित्रपट पाहावा, मग इथे यावं. आणि तसं पाहिलं तर नावापासूनच शेवट उघडा आहे. ससा-कासवाच्या गोष्टीत कोण जिंकतं हे पाहण्यासाठी कुणी बसत नाही.

सोनगीरबद्दलही दोन शब्द. धुळ्याहून उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते ओळखलं जातं. रस्त्यावरून जाणारे थांबतात, घागर हातात घेऊन वाजवून पाहतात, भाव करतात, “परतीच्या वाटेवर नक्की घेतो” म्हणतात आणि जातात. परतीच्या वाटेवरचं हे गिऱ्हाईक आमच्याकडे म्हणीसारखं झालं आहे. माझे काका असल्या माणसाला पाणी द्यायचे, बसायला पाट द्यायचे, त्याच्या गप्पांना दिलखुलास हसायचे, आणि तो गाडीत बसला की हंडा उचलून पुन्हा आतल्या फळीवर ठेवून द्यायचे. बाशूला ओळखायला आम्हाला मुंबईची चाळ लागत नाही.

तरीही मी फसले. पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, रविवारी संध्याकाळी, दूरदर्शनवर. गल्लीत तेव्हा टीव्ही मोजकेच, आमच्या शेजारी एक होता, काळा-पांढरा, लाकडी दारं सरकवून उघडायचा. गच्चीवर एक मुलगा अँटेना फिरवत उभा आणि खाली अंगणात चाळीसेक माणसं. चित्र मधेच मुंग्यांनी भरायचं, आणि प्रत्येक वेळी ते साफ झालं की पडद्यावर फारूख शेख हसत असायचा, असं मला आठवतं. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. राजाराम मला कंटाळवाणा वाटला. तो बोलायला तोंड उघडायचा आणि बोलायचंच नाही. आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा. बाशू आला की अंगणात जान यायची. तो म्हातारीला तिच्या मनातलं बोलायचा, पोरांना पोरांसारखं, पुरुषांना त्यांच्या ऐटीचं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो थापा मारतो आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, कारण दिग्दर्शिकेने ते लपवलंच नव्हतं. पण दिसत असूनही आम्ही त्याच्या बाजूचे होतो. तो पकडला जाऊ नये असं वाटत होतं.

हे कसं घडवलं आहे, यावर पुढे एक पूर्ण टिपण आहे. इथे एवढंच सांगते की यात पात्रनिवडीचा मोठा वाटा आहे. दोनच वर्षं आधी, १९८१ मध्ये, सई परांजप्यांच्याच ‘चश्मे बद्दूर’मध्ये फारूख शेख लाजरा, अभ्यासू, सज्जन सिद्धार्थ होता, आणि दीप्ती नवल दारोदार कपडे धुण्याची पावडर विकणारी नेहा. त्या जोडीवर लोकांनी जीव लावला होता. ‘कथा’त तीच जोडी समोर येते, आणि प्रेक्षक जुना विश्वास सोबत घेऊनच बसतो. सज्जनाचा चेहरा लबाडाला दिला. उलट नसीरुद्दीन शाहसारखा पडदा व्यापून टाकणारा नट आणला आणि त्याला अंग चोरून उभं केलं. ‘स्पर्श’मध्ये याच नटाने, याच दिग्दर्शिकेच्या हाताखाली, ताठ मानेचा, फटकळ अंध मुख्याध्यापक केला होता. इथे तो खांदे पाडून जिन्यात बाजूला सरकतो, दुसऱ्याला वाट देतो. पुन्हा पाहताना माझी नजर आता त्याच्या खांद्यांवरच असते.

आणि बाशूवर आपण भाळतो ते केवळ फारूख शेखमुळे नाही. मराठी प्रेक्षकाला ही सवय जुनी आहे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे १९६२ पासून बायकांना फसवत आला आणि नाट्यगृहं भरत राहिली. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर वेष बदलून आले की टाळ्या पडायच्या. त्याने ज्यांची आयुष्यं नासवली त्या बायका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन रडून जातात, पण आपल्याला आठवतो तो लखोबाच. फसवणुकीची गोष्ट सांगताना फसवणाऱ्याला सगळी चांगली वाक्यं द्यावी लागतात, नाहीतर तो फसवेल कसा? नाटककाराची ही अडचण खरीच आहे. पण तिची किंमत नाटककार देत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली बाई देते.

दुसऱ्यांदा नीट पाहिला तेव्हा माझं लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली होती. धुळ्यात नोकरी, भाड्याचं घर, सीडीच्या दुकानातून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली तबकडी. मूल झोपल्यावर आम्ही दोघं आवाज बारीक करून पाहत होतो. या खेपेला मला बाशूचा संताप आला. त्याच्या प्रत्येक हसण्याचा खर्च कुणाच्या खिशातून होतो आहे ते दिसायला लागलं: राजारामची खोली, राजारामचे पैसे, राजारामची चाळीतली पत. नवरा मात्र राजारामवर चिडला. “हा माणूस चांगला नाही, घाबरट आहे,” तो म्हणाला. “चांगुलपणाच्या नावाखाली लपलाय.” आम्ही रात्री दीडपर्यंत भांडलो. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काही झालं का म्हणून विचारलंही.

आता वाटतं, त्याचं म्हणणं मी इतकं उडवून लावायला नको होतं. राजारामशी तुलना करण्यासारखा एक माणूस हिंदी पडद्यावर आधीच येऊन गेला होता: बासू चॅटर्जींच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) मधला अमोल पालेकरांचा अरुण. तोही मुखदुर्बळ, त्याच्याही प्रेमाच्या आड बोलघेवडा नागेश येतो. तो असरानीने केला आहे. पण अरुण खंडाळ्याला जातो, अशोक कुमारच्या कर्नलकडून डावपेच शिकतो आणि परत येऊन नागेशला त्याच्याच खेळात हरवतो. म्हणजे थोडा नागेश होऊन येतो. राजाराम काहीही शिकत नाही. चित्रपटाच्या पहिल्या रिळात जसा आहे तसाच शेवटच्या रिळात. सई परांजप्यांनी त्याला बदलायला नकार दिला आहे, आणि मला तो नकार फार आवडतो. पण न बदलणारा माणूस जिंकायचा तर दुसऱ्या कुणाला तरी बदलावं लागतं, मोडावं लागतं. इथे कोण मोडतं?

हा प्रश्न तेव्हा माझ्या जिभेपर्यंत आला असावा, पण उच्चारला गेला नाही. त्या रात्री आमचं भांडण दोन पुरुषांवरून होतं. संध्याचं नाव आम्ही दोघांनी घेतल्याचं आठवत नाही.

मधल्या काळात हा चित्रपट कितीदा पाहिला याचा हिशोब नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘चश्मे बद्दूर’ची नवी आवृत्ती डेव्हिड धवनने आणली आणि त्याच दिवशी जुना चित्रपटही स्वच्छ करून पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला, तेव्हा त्या निमित्ताने ‘कथा’ही काढून पाहिला. त्याच वर्षी डिसेंबरात फारूख शेख गेले. नंतर पाहताना बाशूचं हसू थोडं वेगळं दिसतं. गेलेल्या माणसावर रागावणं जड जातं, आणि बाशूला याचाही फायदा मिळतो. असो.

मग भाऊबीजेची दुपार.

फुईने बाशूला पहिल्याच प्रसंगात ओळखलं. “हाऊ गोड बोलस, याना भरोसा नही,” एवढं बोलून तिने त्याचा विषय संपवला, आणि त्याच्या एकाही विनोदावर ती हसली नाही. राजाराम तिला पटला. “तो चांगला शे,” ती दोनदा म्हणाली. म्हणजे तिच्या प्रश्नात राजारामवर राग नव्हता. तरीही सगळं गोड झाल्यावर ती विचारती झाली, तिले कोनी इचारं का.

फुईला हे विचारायचा अधिकार कुठून आला, ते थोडं सांगायला हवं. फुईची पहिली सोयरीक मोडली होती. सुपारी फुटली होती, घरात पापड-शेवया होऊन बसल्या होत्या, आणि मुलाकडचे फिरले. कारण काय ते आमच्या घरात कधी स्पष्ट बोललं गेलं नाही. तेव्हा नात्यातला एक माणूस पुढे आला, वयाने बराच मोठा, शांत, कष्टाळू, आणि त्याच तिथीला लग्न लागलं. त्याला सगळे देवमाणूस म्हणायचे. मीही म्हणायचे. मामा, म्हणजे फुईचे यजमान, खरोखर देवमाणूस होते; त्यांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, आणि मला पहिलं शाईचं पेन त्यांनीच आणून दिलं. गावात कुठेही त्यांचं नाव निघालं की लोक ती गोष्ट सांगत: ऐन वेळी उभा राहिला, पोरीची अब्रू राखली. ही गोष्ट फुईने पन्नास वर्षं ऐकली. प्रत्येक बारशाला, प्रत्येक तेराव्याला, तिच्या समोर. त्या गोष्टीत ती असायची, पण राखली गेलेली अब्रू म्हणून असायची.

ससा-कासवाच्या गोष्टीत दोन प्राणी धावतात आणि एक झाड किंवा एक रेघ असते, जिथे पोचायचं. रेघेला कुणी काही विचारत नाही. शर्यतीची गोष्ट प्रेमाला लावली की बाईची रेघ होते. इसापाला याचा दोष देता येणार नाही. त्याच्या डोक्यात लग्न नव्हतंच. पण ज्यांनी ती गोष्ट चाळीत आणली त्यांना हे लक्षात आलं असेल का, हे शोधण्यासाठी मी दिवाळीनंतर चित्रपट पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. या खेपेला वही घेऊन, फक्त संध्याकडे बघत. ती चौकटीत नसेल तेव्हाही ती कुठे असेल याचा अंदाज घेत.

आणि माझं मत जरा बदललं. सई परांजप्यांना ते लक्षात आलं होतं, असं मला वाटतं. निदान अर्धं तरी. पुरावा त्या एका प्रसंगात आहे, जिथे संध्या राजारामला बाशूबरोबर तिचं नातं कुठवर गेलं होतं ते सांगते. राजाराम ऐकून घेतो आणि त्याचं मन बदलत नाही. पहिल्या पाहण्यात हा प्रसंग मला समजलाच नव्हता. दूरदर्शनवर तो आला तेव्हा अंगणातल्या बाया एकदम गप्प झाल्या होत्या आणि कुणी तरी पोरांना पाणी आणायला पिटाळलं होतं, एवढंच आठवतं. त्या काळच्या हलक्याफुलक्या हिंदी चित्रपटात नायिकेच्या तोंडी असं काही येणं, तिला त्याबद्दल नदीत उडी मारावी न लागणं, आणि नायकाने त्यावर भाषण न ठोकणं, ही साधी गोष्ट नव्हती. विनोदी चित्रपट म्हणून लोक ‘कथा’ला हलकं धरतात, ते या प्रसंगाकडे पाहत नाहीत. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो नुसत्या चाळीच्या गमतीजमतींसाठी नसावा.

इथे दिग्दर्शिकेच्या घराकडे वळायचा मोह होतो, आणि तो मी आवरणार नाही. सई परांजपे रँग्लर र. पु. परांजप्यांची नात आणि शकुंतला परांजपे यांची मुलगी. शकुंतलाबाईंना जुने प्रेक्षक प्रभातच्या ‘कुंकू’मुळे ओळखतात, पण त्यांचं आयुष्यभराचं काम संततिनियमनाचं. ज्या काळात हा शब्द बायकांसमोर उच्चारायलाही लोक बिचकत, त्या काळात र. धों. कर्व्यांच्या बाजूला उभं राहून त्यांनी ते काम केलं. बाईच्या शरीराबद्दल अपराधी न होता बोलता येतं, हे ज्या घरात रोज दिसत होतं, त्या घरातल्या मुलीने संध्याचा तो प्रसंग लिहिला आहे. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यात पाऊस पडला असता आणि विजा कडाडल्या असत्या.

पण अर्धंच, असं मी का म्हणते? संध्या बोलते, हे खरं. ती जे बोलते ती मात्र कबुली आहे. आपल्यावर काय बेतलं, आपण काय केलं, हे ती सांगते. आपल्याला आता काय हवं आहे, हे ती सांगत नाही, आणि राजारामही ते विचारत नाही. तो क्षमा करतो. क्षमा करण्यासारखं काही होतं का, हा प्रश्न त्याच्या चांगुलपणाला पडत नाही. आणि कमाल अशी, की याच दिग्दर्शिकेने हा प्रश्न आधीच्या चित्रपटात अगदी सोलून मांडला होता. ‘स्पर्श’मधला अनिरुद्ध आंधळा आहे. शबाना आझमीची कविता त्याच्यावर प्रेम करते, लग्न ठरतं, आणि त्याला संशय येतो: हे प्रेम आहे की त्याग? माझ्यावर उपकार होताहेत का? त्या संशयापायी तो ठरलेलं लग्न मोडतो. सगळा चित्रपट त्या संशयाभोवती उभा आहे आणि आपण त्याला कृतघ्न म्हणत नाही, स्वाभिमानी म्हणतो. ज्याच्यावर कुणी चांगुलपणा करतो आहे, त्यालाही नकाराचा हक्क असतो, हे सई परांजप्यांना पक्कं ठाऊक होतं. संध्याला तो हक्क दिला असता तर ‘कथा’ कुठे गेला असता? कदाचित विनोदी राहिला नसता. कदाचित राजाराम आणि संध्या मिळून एक तिसराच चित्रपट झाला असता, जो मला फार पाहायचा आहे.

मी या दोघांच्या लग्नाविरुद्ध आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. राजाराम चांगला नवरा होईल, याबद्दल मला शंका नाही. कल्हईच्या चकाकीवर भाळून घेतलेल्या भांड्याचं काय होतं हे तांबटांच्या गल्लीत वाढलेल्या मुलीला शिकवावं लागत नाही. आणि हातोड्याच्या हजार ठोक्यांनी मठारलेला हंडा तीन पिढ्या पाणी भरतो, तेही आमच्या घरात उभं आहे. पण मामांच्या चांगुलपणाबद्दल तरी कुणाला शंका होती? फुईचा संसार चांगला झाला. ती सुखी होती, असं मी लिहिणार होते, मग लक्षात आलं की हेही तिला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

सोनगीरमधल्या ज्यांच्याशी मी या पुस्तकाबद्दल बोलले त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं: सिनेमावरच लिहायचं तर स्मिता पाटीलवर का नाही? प्रश्न रास्त आहे. शिरपूर इथून उत्तरेला याच रस्त्यावर आहे, तिचं घराणं तिथलं, आणि खान्देशात सिनेमाची कुठलीही चर्चा शेवटी तिच्यापाशी जाते. पण तिच्या बायका बोलतात. ‘उंबरठा’मधली सुलभा घराबाहेर पडते, परत येते, पुन्हा निघते, आणि प्रत्येक वेळी तिचं काय चाललं आहे ते आपल्याला कळतं. मला न बोलणारीबद्दल लिहायचं होतं, आणि तेही हसवणाऱ्या चित्रपटातल्या. रडवणाऱ्या चित्रपटात बाईवर अन्याय झाला की पार्श्वसंगीत आपल्याला सांगतं. हसवणाऱ्या चित्रपटात ते चहाच्या आधणाच्या आवाजात निघून जातं.

टिपणांचा क्रम चित्रपटाच्या क्रमाने नाही, माझ्या पाहण्याच्या क्रमाने आहे. आधी बाशू, मग राजाराम, मग संध्या. बाशूवरचा भाग सगळ्यांत मोठा झाला आहे, तो कापून कापूनही; त्याने इथेही आपल्या वाट्याहून जास्त जागा बळकावली. मालकाच्या बायकोवर आणि मुलीवर वेगळं टिपण नाही, आणि ही उणीव आहे. बाशूने त्या दोघींनाही फसवलं. पण त्या श्रीमंत आहेत म्हणून आपण त्यांच्या फसवणुकीला हसतो, आणि मीही हसले. गाण्यांबद्दल मी लिहिलेलं नाही, कारण त्यातलं मला कळत नाही. मूळ नाटकाशी तुलनाही केलेली नाही. काही वाचकांना अहिराणी संवाद अवघड वाटतील; फुईचं बोलणं प्रमाण मराठीत आणून पाहिलं, तेव्हा ती शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी बोलायला लागली, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

लिहून झाल्यावर संक्रांतीच्या सुट्टीत वही घेऊन सोनगीरला गेले. गल्लीत हातोडे चालू होते, त्यामुळे दार-खिडक्या लावून फुईला संध्यावरची पानं वाचून दाखवली. तिने ऐकलं की नाही कळेना. डोळे मिटलेले होते. वाचून संपल्यावर म्हणाली, “ते आखो लाव बरं.” मोबाइलवर तो प्रसंग काढला, तिच्या हातात दिला. तिने चष्मा चढवला, पडदा अगदी नाकाजवळ धरला. दीप्ती नवलचा चेहरा समोरून आला तेव्हा म्हणाली, “तठेच थांबाड.”

मी थांबवला. बराच वेळ ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग मोबाइल माझ्याकडे देत म्हणाली, “तिनी सकायपाईन काही खायेल नही.”